नकाशावरचा रिकामा हिरवा तुकडा

छत्तीसगडचा नकाशा समोर घेतला की भिलाईकरांची नजर आपोआप मधल्या पट्ट्यावर जाते. दुर्ग, भिलाई, रायपूर, बिलासपूर, कोरबा; रेल्वेची रेघ, कारखाने, भाताची खाचरे. दक्षिणेला बस्तर आहे, त्याच्याविषयी वर्तमानपत्रांत सतत काही ना काही येत असते. पण उत्तरेच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेला चिकटून, एक मोठा हिरवा तुकडा आहे. त्यावर गावांची नावे विरळ आहेत आणि रस्ते बहुतेक त्याच्या कडेकडेने जातात. हे गुरू घासीदास राष्ट्रीय उद्यान. छात्रांना नकाशावाचन शिकवताना मी नेहमी सांगतो, की नकाशावर जागा कोरी दिसली म्हणून जमिनीवरही ती कोरीच असेल असे धरून चालू नये. या सांगण्याला आपल्या राज्यात या उद्यानाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

आधी तिथे पोहोचू. दुर्गहून अंबिकापूरला जाणारी रात्रीची गाडी बिलासपूर सोडून पेंड्रा रोडच्या पुढे चक्क छत्तीसगडच्या बाहेर पडते, अनुपपूरला मध्य प्रदेशात शिरते आणि वळसा घालून परत आपल्या राज्यात येते. सकाळी बैकुंठपूर रोड स्थानकावर उतरायचे. बैकुंठपूर हे कोरिया जिल्ह्याचे ठिकाण. तिथून उत्तरेला सोनहतचा रस्ता धरला, की थोड्याच वेळात गाडी चढाला लागते, शेते मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना सालवृक्षांचे रान सुरू होते. इकडे त्याला 'सरई' म्हणतात.

सोनहतजवळ थांबून होकायंत्र आणि नकाशा काढावा, कारण कॅडेटसाठी ही जागा खास आहे. कर्कवृत्त, म्हणजे २३ अंश २६ मिनिटे उत्तर अक्षांश, आणि आपली प्रमाणवेळ ठरवणारे ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्त, या दोन्ही रेषा एकमेकींना कोरिया जिल्ह्यात, सोनहतच्या आसपास छेदतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. ८२.५ अंशांना ४ ने गुणले की ३३० मिनिटे, म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. आपल्या सगळ्यांच्या घड्याळातली वेळ ही खरे तर या रेषेवरची वेळ आहे. भिलाई तिच्या पश्चिमेला साधारण एक अंशाहून थोडे जास्त आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्याशी यायला चार-साडेचार मिनिटे उशीर होतो. सोनहतजवळ २१ जूनला आकाशात ढग नसतील, तर घड्याळात बारा वाजण्याच्या सुमारास, मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने, सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. काठी, सावली आणि घड्याळ यांच्यावरून दिशा काढण्याची जी पद्धत तुम्ही शिकता, तिचे गणित या ठिकाणी सर्वांत सोपे आहे.

आता उंची पाहू. सोनहतचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे आणि पश्चिमेकडे देवगडचे शिखर हजार मीटरच्या पलीकडे जाते. सह्याद्री पाहिलेल्या मराठी माणसाला हे आकडे फार वाटणार नाहीत. इथे कडे कमी, उतार लांबट आणि माथे सपाट. पण समोच्च रेषा बोटाने फिरवून पाहा. पठाराच्या दक्षिणेकडून हसदेव निघते, वायव्येकडून गोपद निघते. हसदेव दक्षिणेला कोरब्याकडे जाते, पुढे महानदीला मिळते, महानदी हिराकुड धरणातून ओडिशाच्या किनाऱ्याला पोहोचते. गोपद उत्तरेला शोण नदीला मिळते आणि शोण पाटण्याजवळ गंगेला. म्हणजे पठारावर पडलेल्या पावसाचा एक थेंब ओडिशातून जातो आणि त्याच्या शेजारी पडलेला दुसरा थेंब बिहार, बंगाल पाहून येतो. शेवटी दोघेही बंगालच्या उपसागरातच भेटतात, पण शेकडो किलोमीटरच्या अंतराने. अशा भूभागाला जलविभाजक म्हणतात. सैन्याच्या भाषेत बोलायचे तर ही उंचावरची जागा आहे. तिच्या ताब्यात दोन्ही बाजूंचे पाणी आहे.

हे पाणी धरून ठेवण्याचे काम दोघे करतात. पहिला, खालचा खडक. इथला वालुकाश्म जाडाभरडा आणि सच्छिद्र आहे, पावसाचे पाणी तो आत मुरवून घेतो आणि ओहोळ-झऱ्यांतून महिनोन्‌महिने थोडे थोडे सोडतो. दुसरे, वरचे सालवन. सालाची पाने जमिनीवर जाड थर करतात, त्यामुळे पावसाचा मार थेट मातीवर बसत नाही. या झाडाची एक खोड आहे. त्याचे बी पावसाळ्याच्या तोंडावर पडते आणि थोड्याच दिवसांत रुजण्याची ताकद गमावून बसते. ते साठवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. म्हणून जुने सालवन तोडून 'नंतर लावू' म्हणणे सागाच्या बाबतीत जितके सोपे, तितके सालाच्या बाबतीत नाही. सालाखेरीज मोह, तेंदू, चार (ज्याची चारोळी होते) आणि बांबू भरपूर आहेत.

भिलाईत बसलेल्या आपला या हसदेवशी काय संबंध, असे कोणी विचारील. कोरब्याच्या औष्णिक वीजकेंद्रांना हसदेवचे पाणी लागते, आणि कोरब्याच्या विजेवर राज्याचे कारखाने व घरे चालतात. वाटेत हसदेववर बांगो धरण आहे. त्याला मिनीमातांचे नाव आहे. छत्तीसगडमधून लोकसभेत गेलेल्या त्या पहिल्या महिला, आणि सतनामी समाजाच्या. ज्या गुरू घासीदासांच्या नावाच्या रानात नदी उगम पावते, त्यांनीच सतनाम पंथाची शिकवण दिली. १८ डिसेंबरला आपल्याला सुटी असते ती त्यांच्या जयंतीची. जन्म १७५६ साली, गिरौदपुरीचा. नदीच्या उगमाला गुरूंचे नाव आणि मधल्या धरणाला त्याच परंपरेतल्या कन्येचे, हा योगायोग मला फार आवडतो.

थोडे खाली, मनेंद्रगडला, याच हसदेवच्या काठावर एक नवल आहे. ते उद्यानाच्या हद्दीबाहेर असले तरी टाळून पुढे जाऊ नये. नदीकाठच्या खडकांत समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे आहेत. आज सर्वांत जवळचा समुद्र इथून काही शे किलोमीटरवर! हे जीवाश्म सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी भारत गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि हिमयुग संपत आले होते. बर्फ वितळले, समुद्राची पातळी चढली आणि त्याचा एक चिंचोळा हात खंडाच्या आत घुसला. तो हात मागे सरला, पुढे त्याच खोलगट भागांत दलदली झाल्या, दलदलींत झाडे गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चिरमिरी, सोनहत, विश्रामपूर, कोरबा ही सगळी कोळशाची क्षेत्रे त्याच गोंडवन थरांतली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मनेंद्रगडची जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केली आहे. मनेंद्रगड-बैकुंठपूर रस्त्यावर हसदेवचा अमृतधारा धबधबाही आहे, सुमारे ९० फूट उंच. त्याच्या जवळच्या गावाचे नाव आहे नागपूर. विदर्भातून आलेल्या पाहुण्यांना ही पाटी दाखवली की ते हमखास गाडी थांबवून फोटो काढतात.

नागपूरचा खरा संबंधही आहे आणि तो फारसा कौतुकाचा नाही. उद्यानाच्या पश्चिमेकडचा भाग, आजचे भरतपूर, हे पूर्वी चांगभखार नावाचे छोटे संस्थान होते. डोंगर आणि जंगल यांनी ते चारी बाजूंनी झाकलेले. एवढे दुर्गम असूनही मराठ्यांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धाडींनी ते इतके बेजार झाले, की तिथल्या राजाने सीमेवरची आठ गावे रीवाच्या वजनदार राजपुतांना देऊन टाकली. बदल्यात त्यांनी घाटवाटा राखायच्या. जुन्या गॅझेटियरमध्ये ही हकीकत आहे. आपण आपल्या इतिहासात घाट राखणाऱ्यांच्या बाजूने वाचत आलो, इथे आपण घाट चढून येणारे आहोत. छात्रांनी दोन्ही बाजू वाचाव्यात. १८१८ साली नागपूरकर भोसल्यांकडून सरगुजा, कोरिया वगैरे हा सगळा प्रदेश इंग्रजांच्या वर्चस्वाखाली गेला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या आरंभी ही संस्थाने मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाली, आणि १९५६ पर्यंत या रानाचा कारभार पुन्हा नागपूर राजधानीतूनच चालला.

त्या विलीनीकरणाच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. कोरियाचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी रात्री, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात ते टिपले. तिघेही नर, बहुधा एकाच वेताचे भाऊ. मारलेल्या चित्त्यांचे छायाचित्र मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे गेले, म्हणून ही घटना जगाला ठाऊक झाली. भारतातल्या जंगली चित्त्याची ही शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सगळा दोष त्या एका रात्रीवर टाकणे मला बरोबर वाटत नाही. राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी शतकानुशतके चित्ते पकडून पाळले, पकडलेले चित्ते प्रजोत्पादन जवळजवळ करतच नसत, म्हणून दर वेळी रानातून नवे पकडावे लागत. त्यात गवताळ माळ नांगराखाली गेले. १९४७ पर्यंत उरले होते ते शेवटचे काही. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून चित्ते आणले गेले ते मध्य प्रदेशातल्या कुनोला. जिथे शेवटचे दिसले, त्या कोरियाकडे ते आले नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९८१ मध्ये अविभाजित मध्य प्रदेशात संजय राष्ट्रीय उद्यान झाले. १ नोव्हेंबर २००० ला राज्य वेगळे झाले तेव्हा त्याचा मोठा भाग, सुमारे १,४४० चौरस किलोमीटर, आपल्या वाट्याला आला आणि त्याला गुरू घासीदासांचे नाव मिळाले. मुंबईजवळचे बोरिवलीचे उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या थोडेसे वर आहे. तशी सुमारे चौदा उद्याने यात बसतील. पूर्वेला लागून तमोर पिंगला अभयारण्य आहे, सुमारे ६०८ चौरस किलोमीटरचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही मिळून गुरू घासीदास-तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, देशातला ५६ वा. बफर धरून एकूण क्षेत्र २,८२९ चौरस किलोमीटर. नागार्जुनसागर-श्रीशैलम आणि मानस यांच्यानंतर देशात तिसरा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मंजुरी ऑक्टोबर २०२१ मध्येच मिळाली होती, त्यानंतर अधिसूचना निघायला तीन वर्षे लागली.

एवढ्या मोठ्या रानात वाघ किती? फार नाहीत. सगळ्या छत्तीसगडचा २०२२ च्या गणनेतला अंदाज १७ चा होता. २०१४ मध्ये तो ४६ होता. सफारीला जाऊन हमखास वाघ पाहायचा असेल त्याने कान्हा किंवा ताडोबा गाठावे. मग वाघ कमी असलेल्या जागेचा एवढा मोठा प्रकल्प का?

उत्तर पुन्हा नकाशात आहे. पश्चिमेला हे रान मध्य प्रदेशातल्या संजय-दुबरी व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले आहे, त्याच्या पलीकडे बांधवगड. पूर्वेला झारखंडातले पलामू. बांधवगडात वाघ दाटीने आहेत. पलामू हा १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि २०१८ च्या गणनेत तिथे एकही वाघ आढळला नाही. तरुण नर वाघ दोन वर्षांचा झाला की आईला सोडतो आणि स्वतःची हद्द शोधत निघतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये असाच चालत निघाला आणि हजाराहून अधिक किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला, हे अनेकांना आठवत असेल. बांधवगडच्या वाघाला पलामूकडे जायचे तर झाडोऱ्याची सलग वाट हीच. गस्तीवरचा जवान जशी आडोसा असलेली वाट धरतो तसा वाघही धरतो. उघड्या शेतातून, गावातून जावे लागले की तो संकटात सापडतो आणि माणसेही. गुरू घासीदासचे महत्त्व तिथे राहणाऱ्या वाघांइतकेच तिथून जाणाऱ्या वाघांमुळे आहे. दुवा तुटला तर दोन्हीकडची वाघांची वस्ती एकेका बेटावर अडकते, आपसांतच वीण होऊन कमजोर होत जाते.

हत्तींचेही तसेच. झारखंडाच्या बाजूने आलेले कळप गेली काही दशके उत्तर छत्तीसगडात वावरत आहेत, आणि तमोर पिंगला त्यांच्या वावरातला महत्त्वाचा भाग. तिथे रामकोला येथे हत्ती बचाव केंद्र आहे.

पण हा हिरवा तुकडा माणसांचाही आहे, आणि इथेच खरी गाठ आहे. आत गोंड, चेरवा, पंडो अशा समाजांची गावे आहेत. १९५२ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद सरगुजा भागात आले होते. तेव्हापासून पंडो लोकांना राष्ट्रपतींचे दत्तक पुत्र म्हटले जाते आणि सूरजपूर जिल्ह्यातल्या पंडोनगरमध्ये त्या भेटीची आठवण म्हणून राखलेले 'राष्ट्रपती भवन' आहे. दिल्लीबाहेरच्या या राष्ट्रपती भवनाबद्दल प्रश्नमंजूषेत विचारले तर किती छात्रांना उत्तर येईल, कोण जाणे. या लोकांचे वर्ष मोहाच्या फुलांवर, तेंदूच्या पानांवर, थोड्या शेतीवर आणि गुराढोरांवर चालते. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी पुढे सरकते. त्याच मोहाच्या वासाने हत्तीही येतात.

एखाद्या घरची म्हैस वाघाने मारली तर त्या घराचे नांगर, दूध, उसनवारी सगळेच कोलमडते. वाघ मोठे जनावर एका बैठकीत संपवत नाही, दुसऱ्या रात्री परत येतो. रागाच्या भरात कोणी त्या मढ्यावर विष टाकले, तर ते एका चिमटीचे काम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ज्या महिन्यात व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली त्याच महिन्यात, कोरिया जिल्ह्यात एक वाघ मृत सापडला आणि विषप्रयोगाचा संशय व्यक्त झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस बलौदाबाजार जिल्ह्यातल्या कसडोल गावात शिरलेल्या एका वाघाला बेशुद्ध करून पकडले आणि याच रानात आणून सोडले. जागा खोजत भटकणारा वाघ माणसांच्या वस्तीत कसा जाऊन पडतो, हे सगळ्या राज्याने तेव्हा पाहिले.

नुकसानभरपाईची तरतूद आहे. पंचनामा होतो, अर्ज जातो, पैसे येतात. माझ्या मते व्याघ्र प्रकल्पाचे यश मोजायचे तर म्हैस मेल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस मोजावेत. विषाची पुडी एका रात्रीत कामाला येते. भरपाई तिच्या आधी, निदान तिची खात्री तरी आधी, पोहोचली पाहिजे. दुसरी गोष्ट चितळ-सांबरांची. रानात त्यांची संख्या पुरेशी असेल तर वाघ गोठ्याकडे कमी वळतो. तिसरी गोष्ट कोळशाची. या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा आहे आणि भिलाईच्या पोलादापासून आपल्या घरच्या पंख्यापर्यंत सगळ्यांना ऊर्जा हवी आहे. म्हणून 'खाण वाईट' म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. पण गाभा क्षेत्राच्या बाहेरची झाडोऱ्याची वाट तुटली, तर आतले २,००० चौरस किलोमीटर राखूनही दुवा राहत नाही, हे निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर ठळकपणे असायला हवे.

पालकांपैकी कोणाला मुलांना घेऊन जायचे असेल तर दोन व्यावहारिक सूचना. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यान बंद असते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सोनहतच्या पठारावर रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटरवर भागत नाही. जाण्याआधी बैकुंठपूरच्या उद्यान कार्यालयात चौकशी करून परवानगी घ्यावी. आत मोबाइलच्या भरवशावर राहू नये. कागदी नकाशा, होकायंत्र आणि पाण्याच्या बाटल्या सोबत घ्याव्यात, आणि मनेंद्रगडचे शिंपले पाहायला परतीच्या वाटेवर अर्धा दिवस राखून ठेवावा.